पिवळी गाडी आणि चार-बाराची फेरी

माझी नवी कोरी, पिवळी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी सध्या समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटर उंचीवर, योस्ट नावाच्या माणसाच्या रिकाम्या गोठ्यात उभी आहे. तिच्या डोक्यावर अठरा गाईंच्या घंटा टांगलेल्या आहेत आणि बॉनेटवर वाळलेल्या गवताचा भारा आहे. फाउलेगचा घाट मे महिन्याच्या शेवटी उघडतो. आज नोव्हेंबरची बारा तारीख.

तर अधिकृतरीत्या असं काहीही झालेलं नाही. आमच्या इमारतीत विचारलंत तर गाडी अजून जर्मनीतल्या कारखान्यातून यायचीच आहे. जर्मनांचं काम जरा हळू असतं, असं मी जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण समाधानाने मान डोलावतो, कारण जर्मनांबद्दल काही वाईट ऐकलं की आमच्या स्विस माणसाला ते तपासून पाहावंसं वाटत नाही. मी गाडी आणायला गेलो आणि नॅपी घेऊन आलो यातही कुणाला वावगं वाटलेलं नाही. लोकांना नॅपी हव्या होत्या. गाडी फक्त मला हवी होती.

आणि बाबांना. पण ते तसं बोलले नाहीत, त्यामुळे त्याची कुठे नोंद नाही.

माझे वडील बाल्झ यांनी चौतीस वर्षं टपाल खात्याची पिवळी बस याच घाटातून चालवली. उन्हाळ्यात दिवसाला तीन फेऱ्या. नोव्हेंबरात त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या वयाला आमच्याकडे डॉक्टरची तपासणी असते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरातच सांगून टाकलं, की दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, वर्षअखेरीपर्यंत चालवा, त्यानंतर मात्र नाही. कधीच नाही. बाबांनी घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "मी लायसन सोमवारी, अठ्ठावीस ऑक्टोबरला परत देऊन टाकतोय. सव्वानऊची वेळ घेतली आहे."

"वर्षअखेरीपर्यंत मुभा आहे ना, बाबा?"

"कुणी उतरवायच्या आधी आपण उतरावं."

माझी गाडी शुक्रवारी, पंचवीस तारखेला मिळणार होती. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या मीटरचे आकडे लिहितो. हिशेब मला बरा जमतो. शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये एक घाट बसत होता. मी म्हणालो, "बाबा, गाडी आणायला येता का? येताना बोगद्याने न येता फाउलेगवरून येऊ. पलीकडच्या पायथ्यापासून तुम्ही चालवा. उंटरबाखपासून घरापर्यंत, पूर्ण."

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "घाट शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होतोय. हिवाळ्यासाठी."

म्हणजे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवली होती.

इथवर सगळं खाजगी होतं. पण आमच्या इमारतीत खाजगी गोष्टीचं आयुष्य एका जिन्याएवढं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या कुंडर्टबाई दार उघडून उभ्या होत्या. कुंडर्टबाईंकडे इमारतीच्या धुलाईच्या खोलीची किल्ली असते आणि कुणी कोणत्या दिवशी कपडे धुवायचे त्याचा तक्ताही. आमची पाळी तीन आठवड्यांतून एकदा येते. त्या तक्त्यावर त्यांचा खोडरबर फिरला तर माणसाने दीड महिना तोच सदरा घालून हिंडायचं. त्यामुळे त्यांना नाही म्हटल्याचा प्रसंग इमारतीच्या इतिहासात सापडत नाही.

"फ्रिडली, तू म्हणे सीमेपलीकडे जातोयस?"

"गाडी आणायला."

"मग जातोच आहेस तर," त्या म्हणाल्या आणि एप्रनच्या खिशातून यादी काढली. यादी आदल्या दिवशीच्या तारखेची होती.

पलीकडच्या जर्मन दुकानांत सगळं आमच्या निम्म्या दरात मिळतं. त्यामुळे सीमा ओलांडणारा आमचा माणूस परतताना माणूस राहत नाही, हातगाडी होतो. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाच याद्या जमल्या. शॅम्पू, मांजराचं खाणं, नातवंडांच्या नॅपीचे सहा गठ्ठे, आणि मांस. रविवारी कुंडर्टबाईंच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, त्याच्या जेवणाचं.

"बाई, गाडी दोन माणसांची आहे हो. डिकीत एक बॅग मावते."

"आमच्या वेळी आम्ही सायकलवरून आणायचो," कुंडर्टबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात सहज तक्त्याकडे गेला. मी यादी घेतली.

तिसऱ्या मजल्यावरचे त्सोप्फीसाहेब सल्ला घेऊन आले. त्यांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही, त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं. "हिवाळी टायर लावून देतो म्हणतील, घेऊ नकोस," ते म्हणाले. "नवी गाडी पहिले हजार किलोमीटर उन्हाळी टायरवर चालवायची असते. रबराला रस्त्याची ओळख व्हावी लागते."

"कुठे वाचलंत?"

"काही गोष्टी वाचायच्या नसतात," त्सोप्फीसाहेब म्हणाले, आणि मला ते इतकं भारदस्त वाटलं की मी त्याच रात्री कारखान्याला कळवून टाकलं, हिवाळी टायर नकोत. हे वाक्य मी जसं घडलं तसं लिहितो आहे. त्यात मी चांगला दिसत नाही याची मला कल्पना आहे.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही कारखान्याच्या काचेच्या दालनात उभे होतो. आदल्या रात्री कारखान्याजवळच्या लॉजमध्ये मला झोप लागली नव्हती. बाबांना लागली होती, कारण आठ तास आधी पोचायचं ठरलं की त्यांना शांत झोप लागते. एक पांढऱ्या हातमोज्यांतला माणूस आला, त्याने एक पडदा ओढला, आणि ती दिसली.

खरं तर मी लाल मागणार होतो. पण रंगांचं पुस्तक आलं तेव्हा बाबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "पिवळा दुरून दिसतो." पडद्यामागची गाडी इतकी पिवळी होती की दालनाच्या पांढऱ्या भिंतीसुद्धा थोड्या आजारी दिसायला लागल्या. एकोणतीस वर्षांच्या माणसाने परक्या देशात, परक्या माणसासमोर डोळे पुसू नयेत म्हणून मी शिंकल्याचं सोंग केलं. हातमोजेवाल्याने मला रुमाल दिला. त्याच्याकडे गठ्ठाच होता. रोजच शिंकत असावेत लोक.

मग तो एकेक कळ समजावून सांगायला लागला. तासभर झाला. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "मागच्या दारातून उतरणारे दिसावेत म्हणून आरसा कुठे आहे?"

"मागे दार नाही, साहेब. मागे कुणी बसत नाही."

"मग उभे राहणारे?"

हातमोजेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या चाकाकडे पाहिलं. त्याने छप्पर उघडून दाखवलं. एक कळ दाबताच ते घडी होऊन, सुस्कारा टाकून डिकीत जाऊन बसलं. मी टाळ्या वाजवल्या. नऊला आम्ही लाल पट्टीची तात्पुरती नंबरप्लेट लावून बाहेर पडलो.

जर्मन महामार्गावर वेगाला मर्यादा नसते. आमच्याकडे एकशे वीसच्या वर गेलात की घरी पत्र येतं, त्यात फोटो असतो आणि फोटोत आपण नेहमी तोंड उघडं टाकून बसलेले असतो. मी पाय दाबला. एकशे चाळीस, एकशे सत्तर, एकशे नव्वद! कानात वारा, पाठीत कंप, पुढे मोकळा रस्ता, आणि इंजिनाचा आवाज असा की आपल्या छातीतच कुणी गातंय. मी ओरडलो. मी काय ओरडलो ते सांगत नाही, कारण ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

"फ्रिडली," बाबा म्हणाले.

"काय बाबा!"

"पुढे कुणी वाट बघतंय का?"

"नाही!"

"मग घाई कसली?"

सीमेजवळच्या दुकानात आम्ही पाच याद्या पुऱ्या केल्या. सामान डिकीत, घडी घातलेल्या छपराच्या वर कोंबलं. झाकण लागलं, पण बाबांना त्यावर बसावं लागलं. मग गाडीच्या पडद्यावर एक सभ्य सूचना आली, की डिकी रिकामी केल्याशिवाय छप्पर बंद होणार नाही. ऊन पडलं होतं. मी ती सूचना हसून पुसून टाकली. साडेअकराला आम्ही आमच्या देशाच्या जकात नाक्यावर उभे राहिलो.

नाक्यावरच्या बाई खिडकीतून वाकल्या. "काही जाहीर करायचंय?"

"एक गाडी," मी छाती काढून म्हणालो.

"ती दिसते आहे. आणखी काही?"

इथे जगातला दुसरा कुठलाही माणूस नाही म्हणाला असता आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचला असता. बाई खरं म्हणजे हात हलवून आम्हाला सोडायच्याच बेतात होत्या. पण बाजूच्या सीटवर माझे वडील होते.

"मांस," बाबा म्हणाले.

"किती?"

"वजन करून घ्या. आम्ही अंदाजे सांगत नाही."

अकरा किलो चारशे ग्रॅम भरलं. माणशी एक किलो आणायला परवानगी असते. "नऊ किलो चारशे जास्त आहे," बाई म्हणाल्या. "जकात भरा, नाहीतर इथे जमा करा. जमा केलं की नष्ट करतो."

जकात भरली तर ते मांस आमच्या गावच्या खाटकापेक्षा महाग पडत होतं, म्हणजे ज्या एकाच गोष्टीसाठी ते आणलं ती गोष्टच उरत नव्हती. आणि नष्ट हा शब्द ऐकून बाबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी बस दरीत ढकलायची भाषा केली.

"चांगलं मांस आहे हो," ते म्हणाले.

"साहेब, माझ्या दरपत्रकात चांगलं-वाईट नसतं. किलो असतात." मग त्यांनी घड्याळ पाहिलं, आवाज थोडा खाली आणला आणि म्हणाल्या, "पोटात असलेल्या मालाबद्दल मात्र माझ्या दरपत्रकात काही नाही. पावणेबारा ते सव्वा कचेरी बंद असते."

चाळीस मीटर मागे जर्मन बाजूला मालट्रक उभे करायची जागा होती. मी धावत पुन्हा त्या दुकानात जाऊन एकदा वापरून टाकायच्या दोन शेगड्या घेऊन आलो. बाबांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि सॉसेज मांडायला सुरुवात केली, मधे सारखं अंतर ठेवून. वास सुटला. पहिला पोलंडचा एक ट्रकवाला आला. त्याला वाटलं दुकान आहे. फुकट आहे म्हटल्यावर तो घाबरून मागे सरला; मग बाबांनी त्याला कागदी ताटलीच हातात दिली. दहा मिनिटांत चौदा जणांची रांग लागली. एका तुर्की चालकाने डुकराचं नको म्हणून नुसती मोहरी आणि पाव घेतला आणि बदल्यात आम्हाला डाळिंबं दिली. जर्मन पोलीस आला. इथे शेगडी पेटवायला मनाई आहे, असं त्याने फलकाकडे बोट दाखवून सांगितलं, आणि मग विचारलं, "यात जिरं घातलंय का?"

"बाजूच्यात घातलंय."

"मग ते दोन."

बाराच्या सुमारास नाक्यावरच्या बाई डोक्यावरची टोपी काढून आल्या. "मी आत्ता खाजगी व्यक्ती आहे," त्यांनी जाहीर केलं आणि तीन खाल्ले. मला इतका आनंद झाला होता की मी रांगेतल्या प्रत्येकाला गाडी दाखवत होतो. एका लिथुआनियन माणसाने तिच्यात बसून फोटो काढून घेतला आणि सीटवर मोहरी सांडली. मी म्हणालो, चालायचंच. तोपर्यंत माझं मन मोठं होतं.

सव्वाला टोपी डोक्यावर गेली. बाईंनी पुन्हा वजन केलं. एक किलो नऊशे वीस. "छान," त्या म्हणाल्या. "आता गाडीचे कागद." गाडीच्या कागदांना पाऊण तास लागला, कारण अर्जात रंगाच्या रकान्यात मी "पिवळा!" असं उद्गारचिन्ह घालून लिहिलं होतं आणि ते त्यांच्या यंत्रात बसेना.

दोनला निघालो. तळ्याकाठून, डोंगराच्या सावलीतून, चार वाजता आम्ही उंटरबाखला, घाटाच्या पायथ्याशी पोचलो. फाटक अजून उघडं होतं. दोन तास हातात होते, आणि घाट ओलांडून घरी जायला तासही पुरतो. मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि दार धरून उभा राहिलो.

बाबा सावकाश गाडीला वळसा घालून आले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी टपाल खात्याची जुनी टोपी काढली, झटकली आणि घातली. दुसऱ्या खिशातून एक छापील वेळापत्रक काढून ते समोर खोचलं. मग बसले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि तसेच राहिले.

मी वाट पाहिली. दोन मिनिटं. पाच मिनिटं.

"बाबा, काही होतंय का?"

"चार वाजून बारा," बाबा म्हणाले. "सुटायची वेळ."

"बाबा, आपण बस नाही आहोत."

"लवकर सुटलेली गाडी चुकलेल्या गाडीपेक्षा वाईट. चुकलेली गाडी निदान कुणीतरी पाहिलेली असते."

चार वाजून बारा मिनिटांनी आम्ही सुटलो.

आता जे सांगतो ते मी सहसा सांगत नाही, कारण त्याने माझीच किंमत कमी होते. सकाळपासून मी ती गाडी चालवत होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं. पहिल्या वळणावर बाबांनी हॉर्न दिला, दुसरा गिअर टाकला, आणि गाडी वळली. नुसती वळली. ना धक्का, ना करकर. एका दमात काढलेल्या रेघेसारखी ती त्या हेअरपिन वळणातून वर गेली आणि पुढच्याला लागली. वेग ताशी अडतीस किलोमीटर. आणि अडतीसला त्या इंजिनातून जो आवाज निघत होता तो मला एकशे नव्वदलाही ऐकू आला नव्हता. खाली दरी, वर राखाडी कडे, उघड्या टपातून थंड हवा, आणि बाबांचा चेहरा! तो चेहरा मी लहानपणी बसच्या पहिल्या बाकावरून बाजूने पाहिला होता. त्याला आता पंचाहत्तर वर्षं होत आली आहेत हे त्याला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

आंधळ्या वळणावर ते हॉर्न द्यायचे. टपालाच्या बसचा हॉर्न तीन सुरांचा असतो, आख्ख्या खोऱ्याला पाठ असतो. या गाडीचा एकाच सुराचा. तो वाजला की बाबा क्षणभर खिन्न व्हायचे आणि मग वळण आलं की पुन्हा आनंदी. घाटाच्या या चढाला एकवीस वळणं होती, त्यामुळे हे एकवीस वेळा झालं.

"चांगली," ते सातव्या वळणावर म्हणाले.

"गाडी ना?"

"वळणं."

ते प्रत्येक थांब्यावर थांबत होते हे मी आत्तापर्यंत लपवलं. थांब्यावर चिटपाखरू नाही. बसचा मोसम मागच्याच रविवारी संपलेला. तरी गाडी कडेला लागायची, बाबा वेळापत्रक पाहायचे, म्हणायचे, "एक मिनिट लवकर आहोत," आणि आम्ही ते मिनिट डोंगराकडे बघत घालवायचो. मी दोनदा सहाच्या फाटकाची आठवण दिली. "या वेळापत्रकाने आम्ही चौतीस वर्षं सहाच्या आत पोचलोय," ते म्हणाले. मात्र आकाश खाली येत होतं. चौथ्या थांब्याजवळ पहिला हिमकण माझ्या नाकावर पडला. डिकीत नॅपी होत्या, म्हणून छप्पर लागत नव्हतं. मी मान खाली घातली.

माथ्यावरच्या थांब्याला पोचलो तेव्हा चार अठ्ठावन्न झाले होते, म्हणजे अगदी वेळेवर. आणि तिथे एक प्रवासी उभी होती.

पाठीवर पिशवी, हातात काठी, साठीच्या बाई. तासभर उभ्या असाव्यात. पिवळी गाडी आणि टोपी पाहून त्यांनी हात केला. बाबांनी त्यांच्यापुढे अर्ध्या हातावर दार येईल अशी गाडी लावली.

"ओबरबोडनला जाते का?" बाईंनी विचारलं.

"जाते," बाबा म्हणाले.

ओबरबोडन म्हणजे पलीकडच्या उतारावर पाच किलोमीटर खालची, कुरणातली चार-पाच घरांची वस्ती. आमचं गाव तिथून आणखी अकरा किलोमीटर.

"मोसम संपल्यावर छोटी गाडी सोडतात वाटतं आता?" बाई म्हणाल्या. "बरं केलंत. पण छप्पर नाही हे बरं नाही. मी तक्रार लिहिणार आहे."

"जरूर लिहा," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "फ्रिडली, उतर."

"काय?"

"जागा दोनच आहेत."

"बाबा, गाडी माझी आहे!"

"तुझ्याकडे तिकीट आहे?"

बाईंनी खिशातून दिवसभराचा पास काढून दाखवला. बाबांनी तो डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिला आणि मान डोलावली. मग त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो. आपण पैसे साठवून घेतलेल्या गाडीतून, पहिल्याच दिवशी, तिकीट नाही म्हणून उतरवलेला मी बहुधा पहिलाच मालक असेन. या विषयावर कुठे आकडेवारी मिळाल्यास कृपया कळवावे.

"आणि सामान काढून घे," बाबा म्हणाले. "छप्पर लागेल. प्रवाशाला सर्दी व्हायला नको."

मी नॅपीचे सहा गठ्ठे, शॅम्पू, मांजराचं खाणं, डाळिंबं आणि एक किलो नऊशे वीस ग्रॅम मांस थांब्यावर मांडलं. छप्पर सुस्कारा टाकून लागलं. काच खाली झाली.

"चोवीस मिनिटांनी परत येतो. पाच वाजून बावीस. इथून हलू नकोस."

"बाबा, हिम पडतंय. आणि टायर उन्हाळी आहेत."

बाबांनी खाली वाकून टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत त्सोप्फीसाहेबांचं नाव नव्हतं, पण असायला हवं होतं. "उतारावर आत्ता जाईल," ते म्हणाले. "बाईंना इथे ठेवता येत नाही." हॉर्न वाजला, माझी गाडी माझ्यापासून दूर गेली आणि पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली. इतकी सुंदर गेली की राग यायला उशीर झाला.

मी नॅपीच्या गठ्ठ्यावर बसलो. हिम जोरात सुरू झालं. पाच वाजून वीस झाले. रस्ता पांढरा. मला आता गाडीची काळजी वाटत नव्हती. पंचाहत्तरीचा, अधू डोळ्यांचा माणूस, उन्हाळी टायर आणि मी त्याला हौसेने बसवलं होतं. पाच वाजून बावीस. काही नाही. मी उभा राहिलो.

पाच वाजून तेवीस मिनिटांनी खालून घरघर ऐकू आली आणि वळणावर दोन मोठे दिवे दिसले. हिम ढकलणारं यंत्र होतं. ते चालवत होता योस्ट, घाटाचा रस्ता सांभाळणारा. सहा वाजता फाटकं लावण्याआधी कुणी मागे राहिलं नाही ना हे पाहायला तोच फेरी मारतो. त्याच्या शेजारी टोपी घालून बाबा बसले होते. त्यांनी खाली उतरून घड्याळ पाहिलं.

"एक मिनिट उशीर झाला," ते म्हणाले. "माफ कर."

त्यांनी माझी माफी मागितली ती आयुष्यात तेवढीच. मी त्यांना मिठी मारली, टोपी पडली, योस्टने दुसरीकडे पाहिलं.

"गाडी ओबरबोडनला आहे," योस्ट म्हणाला. "बाईंना दारात सोडलं. निघताना मात्र चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वर येईना, खाली जाईना."

"खाली नेता येईल ना? ओढून?"

"खाली अकरा किलोमीटर, चौदा वळणं, आणि या चपला?" योस्ट माझ्याकडे बघून म्हणाला. "तिथेच माझ्या गोठ्यात लाव. मे महिन्यात ये."

"मी चालवतो खाली," बाबा म्हणाले. "हळू."

"बाल्झ," योस्ट म्हणाला. इतकंच. दोघांनी वीस वर्षं एकाच रस्त्यावर काम केलेलं आहे. त्यांच्यात एका नावात बऱ्याच गोष्टी होतात. बाबांनी टोपी उचलली, तिच्यावरचं हिम झटकलं, आणि यावेळी ती न घालता खिशात ठेवली.

गाडी आम्ही गोठ्यात ढकलली. सहाला तीन मिनिटं कमी असताना, योस्टच्या यंत्रात तिघं दाटीवाटीने, मांडीवर नॅपी घेऊन, आमच्या बाजूच्या फाटकातून बाहेर पडलो. मागे त्याने कुलूप लावलं. कुंडर्टबाईंना मी दोन किलोही न भरणारं मांस दिलं. उरलेलं सीमेवर कसं गेलं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी मला जानेवारीपर्यंत धुलाईची पाळी दिलेली नाही.

सोमवारी सव्वानऊला बाबांनी लायसन परत दिलं. मी सोबत होतो. खिडकीमागच्या तरुण कारकुनाने विचारलं, "परत देण्याचं कारण?"

"फेरी अर्धी आहे," बाबा म्हणाले.

"ते कारण होत नाही, आजोबा. यातलं एक निवडा: वय, प्रकृती, इतर."

बाबांनी बराच वेळ तीनही चौकोन पाहिले आणि काहीही न निवडता सही केली. घरी येताना बसमध्ये ते चालकाच्या मागच्या पहिल्या बाकावर बसले. दोनदा त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. दोन्ही वेळा ब्रेक त्याच जागी लागायला हवा होता, असं मला वाटतं. म्हणून हा पुढचा अर्ज केला आहे. इमारतीतल्या लोकांना त्याबद्दल सांगू नये.

प्रति,
मा. प्रमुख, वाहन व चालक परवाना कार्यालय.
प्रत: घाट रस्ते विभाग, माहितीसाठी व शक्य झाल्यास सहानुभूतीसाठी.

विषय: फाउलेग घाटातील १६.१२ च्या फेरीचा उर्वरित भाग पूर्ण करू देण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, दिनांक २५ ऑक्टोबर रोजी उंटरबाख येथून नियोजित वेळी सुटलेली फेरी ओबरबोडन येथे हवामान व अर्जदाराचा मूर्खपणा या कारणांस्तव थांबलेली आहे. चालकाचा परवाना त्यानंतर रीतसर जमा करण्यात आला असून त्याबद्दल तक्रार नाही. तथापि ओबरबोडन ते आमचे गाव हे अकरा किलोमीटर, चौदा वळणे व तीन थांबे अद्याप शिल्लक आहेत. सबब विनंती की, पुढील मे महिन्यात रस्ता साफ झाल्यावर, परंतु घाट सर्वसाधारण वाहतुकीस खुला होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रस्त्यावर अन्य कोणीही नसताना, सदर चालकास त्यांचा परवाना छत्तीस मिनिटांपुरता परत देण्यात यावा. चालकास रस्ता पाठ आहे. समोर जे काही दिसेल ते अर्जदार शेजारी बसून मोठ्याने सांगत राहील. अर्जदार यावेळी तिकीट काढेल. टायर बदलले जातील.

वरील विनंती कोणत्याही नियमात बसत नसल्यास, निदान आपल्या दप्तरी सदर फेरी 'रद्द' अशी न दाखवता 'उशिराने धावत आहे' अशी नोंद घेण्याचे आदेश व्हावेत.